क्लेगबाईंचं भांडं

लीड्स,
१४ ऑक्टोबर १९२९

ती. अक्का हिला एकनाथचा नमस्कार.

पोहोचलो. पेटी, वळकटी आणि आईनं न दिलेला आशीर्वाद, सगळं जागच्या जागी आहे. निघताना तू हातावर दही घातलंस तेव्हा ती आत भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती पाठ मी मुंबई बंदरापासून इथपर्यंत बरोबर आणली आहे.

पहिल्या पहाटे इथल्या गिरणीचा भोंगा झाला. अगदी आपल्या गिरणीसारखा, शेवटी आवाज बसत जाणारा. मी झोपेतच म्हणालो, "आई, पाणी तापलं का?" डोळे उघडले तर खिडकीबाहेर काळं धुकं. या गावात तेवढी एकच गोष्ट ओळखीची निघाली, आणि नेमकं तिनंच मला रडवलं.

बाकी काय सांगू? अंघोळ आठवड्यातून एकदा. रोज गरम पाणी मागितलं तर घरमालकीण माझ्याकडे अशी बघते की जणू मी तिची विहीर आटवायला आलोय. ताटात मांस कशाचं हे विचारायची भीती, म्हणून सगळंच सोडलं. उकडलेला कोबी आणि उकडलेले बटाटे यांच्यावर दिवस काढतोय. कॉलेजात मला 'मिस्टर मँड्रप' म्हणतात. मंद्रूपकर म्हणायला त्यांची जीभ वळत नाही, आणि मला त्यांच्या काट्याचमच्यानं वाटाणा उचलता येत नाही, म्हणजे फिट्टंफाट. पण सगळ्यात वाईट म्हणजे इथली दारं. कायम लावलेली. आपल्या गल्लीत नवं बिऱ्हाड आलं तर गाडीतून पाटा उतरायच्या आत चार बायका येऊन भाजी काय केली विचारतात. इथं शेजारी कोण राहतं ते मला अजून माहीत नाही. भिंतीपलीकडून फक्त खोकला ऐकू येतो.

कॉलेजात रंगाच्या पिंपावर वाकलो की वाफेत आप्पा दिसतात. गिरणीच्या रंगखात्यातून घरी आल्यावर ते कोपरापर्यंत तांबडे हात राखेनं घासत बसायचे आणि तरी जेवताना भाकरीला लाली लागायची. जाईपर्यंत हात निवळले नाहीत त्यांचे. त्यांचीच विद्या पुरती शिकायला म्हणून तर आलो.

अक्का, हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखव. मला इथं राहवत नाही. दोन वर्षं फार होतात. तिनं नुसतं एकदा 'ये' म्हणावं, मी पुढच्या बोटीनं निघतो. शिष्यवृत्ती गेली खड्ड्यात.

तुझा
नाथा

---

सोलापूर,
७ नोव्हेंबर १९२९

चि. नाथास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं पत्र मोठ्यानं वाचलं. आई पाठ करून शेंगा फोडत होती. भोंग्यापाशी तिचा हात थांबला. पुढे 'ये' म्हणावं, ते वाचलं आणि ती उठून गोठ्यात गेली. आपल्याकडे गाय नाही हे तुला ठाऊक आहे. गोवऱ्यांपाशी बराच वेळ काय करत होती कोण जाणे. परत आली, बसली, शेंगा फोडायला लागली. एक शब्द नाही. राग अजून उतरलेला दिसत नाही, बाबा. एकुलता मुलगा गिरणीत चिकटला असता, घरात सून आली असती, एवढं तिचं साधं म्हणणं होतं. तुला परदेशी धाडायचं खूळ माझं, म्हणून माझ्याशीही मीठ-पिठापुरतंच बोलते.

आणि तू काय रे? वळकटी नीट सोडली नाहीस तोवर परतीच्या बोटी मोजायला लागलास? शाळेत मुली पहिल्या दिवशी रडतात. त्यांना मी सांगते, डोळे पूस, पाटी काढ. तुलाही तेच.

पार्सल करते आहे. कडक भाकऱ्या आहेत, मोडतील पण विटणार नाहीत. शेंगाचटणी आहे. चटणी कुणी कुटली ते विचारू नकोस. मला उखळात कुटता येत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तुझी
अक्का

---

लीड्स,
१२ डिसेंबर १९२९

ती. अक्कास,

पार्सल आलं. डबा उघडला आणि लसणाच्या वासासरशी खोलीत अख्खी गल्ली येऊन उभी राहिली. घरमालकिणीनं खिडकी उघडली, मी लावली. पुन्हा उघडली, पुन्हा लावली. भाकरीचा कुडकुड आवाज करत कॉटवर मांडी घालून जेवलो. चटणी कुणी कुटली ते मला पहिल्या घासाला कळलं. आता मला सांग, राग असलेला माणूस एवढा बारीक लसूण घालतो का?

आता गंमत ऐक. भिंतीपलीकडचा खोकला मला भेटला. मिसेस क्लेग नावाची म्हातारी आहे, एकटीच असते. नवरा लोकरीच्या गिरणीत होता, तो गेला. मी जेवत नाही असं घरमालकिणीकडून तिच्या कानावर गेलं असावं. परवा संध्याकाळी दार वाजलं. बाई हातात पांढरं खोलगट भांडं घेऊन उभी, कडेला निळी रेघ. आत काय असेल? तांदळाची खीर! वर जायफळ. आपल्यासारखी पातळ नाही, भट्टीत घालून घट्ट केलेली, पण खीरच. मी दारातच पहिला चमचा तोंडात घातला आणि तिच्यासमोर माझे डोळे भरून आले. ती घाईघाईनं निघून गेली. इथं कुणी रडलं तर बघायचं नसतं.

भांडं घासलं. पण परत कसं देणार? रिकामं थोडंच देता येतं? म्हणून त्यात आपली चटणी घातली, वर भाकरीचे दोन तुकडे ठेवले आणि नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी बाई तांबड्यालाल चेहऱ्यानं आली. म्हणाली, "छातीला फार ऊब आली हो. रोज झोपताना चमचाभर घेईन." अक्का, तिला वाटलं, भिंतीपलीकडे तिचा खोकला ऐकून मी औषध धाडलं!

आई काही बोलली का?

नाथा

---

सोलापूर,
५ जानेवारी १९३०

चि. नाथास आशीर्वाद.

बोलली! पण हुरळून जाऊ नकोस.

तुझं पत्र वाचत होते. म्हातारीनं खीर दिली, तू खाल्लीस, भांडं घासलंस, इथवर आले आणि श्वास घ्यायला थांबले. तोच मागून आवाज आला. "भांडं रिकामं दिलं न्हाय नव्हं त्यानं?"

मी वळून बघितलं. आई आपली लसूण सोलते आहे. मी म्हटलं, नाही गं, चटणी घालून दिलं. तर मान हलवली. पण औषधाचं वाचलं आणि हातातला लसूणच टाकला. "खोकल्यावर शेंगाची चटणी? लई खोकंल की ती बाई! त्याला अक्कल हाय का न्हाय? म्हनावं, सुंठ नि गूळ दे तिला. प्रभा, सुंठ बांध उद्याच्या पार्सलात."

बघ, ज्या बाईचं नावही आईला नीट घेता येत नाही, तिच्या खोकल्यासाठी आई उठून सुंठ शोधायला लागली. तुझ्याविषयी मी विचारलं, नाथाला काय लिहू? तर पुन्हा तोंडाला कुलूप.

गड्ड्याची जत्रा आठवड्यावर आली. उंच काठ्यांचे नंदीध्वज पेलायचा सराव रोज चालू आहे, रस्त्यात माणसं वर बघत चालतात आणि एकमेकांवर आपटतात. तू सहा-सात वर्षांचा असताना गड्ड्यात हरवला होतास आणि एका चिवडेवाल्याच्या पाटीखाली झोपलेला सापडलास, ते परवा शेजारची नागम्मा भिंतीवरून सांगत होती. आई हसली. मी बघितलं ते.

अक्का

---

लीड्स,
२० फेब्रुवारी १९३०

ती. अक्कास,

आईला क्लेगबाईंच्या खोकल्याची काळजी! मला वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. मीही परवा मुद्दाम खोकलो असतो, पण सोलापूरपर्यंत ऐकू गेलं नसतं.

भांड्याचं आता असं झालंय की ते थांबतच नाही. त्यांनी खीर दिली की मी काहीतरी घालून परत करतो. मग त्यांना वाटतं, पोरानं एवढं दिलं, आता आपण पुन्हा द्यायला हवं. त्या पुन्हा देतात. मला वाटतं, रिकामं कसं द्यायचं? सुंठ-गूळ झाला, साखर झाली, बाजारातली दोन संत्री झाली. परवा खोलीत काहीच नव्हतं. मग कॉलेजात मी रंगवलेली लोकरीची लड घातली. आप्पांच्या हातांवरचा तांबडा. तो रंग मी इथल्या पुस्तकात शोधत नाही, आठवून आठवून जुळवतो. बाईंनी लड उजेडात धरून पाहिली. चार दिवसांनी भांडं परत आलं, त्यात त्या लडीचे विणलेले हातमोजे. ते घालून मी हे लिहितोय. हात कोपरापर्यंत नाहीत, पण मनगटापर्यंत आप्पांचे झाले आहेत.

आता दार वाजलं की मी दचकत नाही. तेवढं आईला सांग.

नाथा

---

लीड्स,
१५ मे १९३०

अक्का,

आज नमस्कार-चमत्कार काही नाही. इथल्या वर्तमानपत्रात आपल्या गावाचं नाव आलं आहे. गोळीबार, जाळपोळ, लष्कर. वर्गातला एकजण चहा ढवळत म्हणाला, "शोलापूर, तुमच्या बाजूला कुठं आहे का हे?" मी म्हटलं, "ते माझं घर आहे." त्यावर कुणीतरी पावसाचं बोलायला लागलं.

तुम्ही दोघी कशा आहात? नागम्मा? शाळा? मला कुणीही काहीही सांगत नाही.

संध्याकाळी क्लेगबाईंनी भांडं दिलं. मी आतलं घरमालकिणीच्या मांजराला घातलं आणि भांडं घासून-पुसून रिकामं नेऊन दिलं. एक दाणाही घातला नाही. नागम्माच्या दारात मी असं केलं असतं तर तिनं जन्मभर तोंड पाहिलं नसतं. कळू दे यांनाही. यांचे शिपाई आपल्या रस्त्यांवर आणि यांची खीर माझ्या तोंडात, हे मला जमणार नाही.

पेटी भरून ठेवली आहे. आईनं बोलावलं नाही तरी येतो. तुझ्या पत्रासाठी तेवढा थांबलोय.

नाथा

---

सोलापूर,
२४ मे १९३०

चि. नाथास,

आम्ही दोघी सुखरूप आहोत. आईचे गुडघे नेहमीप्रमाणे दुखतात. ऊन फार. शाळा बंद आहे. नागम्माही बरी. पत्र किती हातांतून जाईल कोण जाणे, म्हणून जास्त लिहीत नाही. तू आहेस तिथं राहा.

अक्का

---

सोलापूर,
६ जुलै १९३०

चि. नाथास आशीर्वाद.

लष्करी कायदा उठला. आता लिहिते.

काय झालं ते तू आलास की सांगेन. कागदावर सगळं मावत नाही. रस्त्यात माणूस दिसायचा नाही. पांढरी टोपी घालायला बंदी, मुलं ती खिशात कोंबून फिरायची. दुकानं बंद, आणि आपल्या घरातलं पीठ संपलं. तेव्हा नागम्मानं भिंतीवरून वाटीभर पीठ दिलं. तिच्याकडे तरी कुठलं, त्यांचे घरचे माग बंद पडलेले. आईनं दोन भाकऱ्या थापल्या आणि वाटी धुऊन हातात घेऊन घरभर फिरली. डबा उघडला, मिठाची बरणी हलवली, काही नाही. मग अंगणात गेली, तुळशीची दोन पानं तोडली आणि वाटीत ठेवून वाटी भिंतीवरून दिली.

तुझं मेमधलं पत्र या गोंधळात उशिरा मिळालं. वाचलं. रिकामं भांडं दिलंस तिथं आले आणि आई अशी उसळली की मला तुझ्या लग्नापर्यंत आठवेल. "तिनं लावलाय व्हय हितं पहारा? म्हातारी खोकत खोकत खीर करती, आन हा मांजराला घालतो? आमच्याकडं काय नव्हतं तवा आमी पान घातलं. त्याच्याकडं पानबी न्हवतं?" मग बराच वेळ धुसफुसत राहिली. शेवटी म्हणाली, "लिव त्याला. जाऊन माफी माग म्हनावं. तितं माफीला काय म्हनत्यात ते म्हन, पर माग."

मी विचारलं, आणि पेटी भरलीय त्यानं, त्याचं काय? बोलावलं नाही तरी येतो म्हणतोय.

ती उठून गोठ्यात गेली.

अक्का

---

लीड्स,
३० जुलै १९३०

ती. अक्कास नमस्कार.

हसावं की रडावं कळत नाही. आईचा निरोप घेऊन मी मान खाली घालून क्लेगबाईंकडे गेलो. म्हटलं, त्या दिवशी भांडं रिकामं दिलं, चुकलो. त्यांना समजेचना. मग एकदम चेहरा उजळला. म्हणाल्या, "अरे, मला तर इतकं बरं वाटलं! कसं लख्ख घासून दिलंस. दर खेपेला तू आपल्या पोटातलं काढून त्यात घालायचास, मला घास गोड लागत नव्हता. म्हटलं, आता पोरगा घरच्यासारखा वागायला लागला."

अक्का, इथं भांडं रिकामंच परत देतात! तीच रीत. मी जन्मात कुणाचा केला नव्हता एवढा मोठा अपमान केला, आणि तो त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. मी रागानं फुगून बसलो होतो तेव्हा भिंतीपलीकडे म्हातारी समाधानानं झोपली होती.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. आपली रीत, नागम्माची वाटी, तुळशीची पानं, आणि तो कायदाही. त्यांनी मागल्या अंगणात जाऊन कसलंसं हिरवं पान तोडलं, पुदिन्यासारखं, रिकाम्या भांड्यात ठेवलं आणि भांडं माझ्या हातात दिलं. "तुझ्या आईला," म्हणाल्या. पान या पत्रात घातलं आहे. वाळलं असेल, पण वास येईल.

पेटी उघडली. परीक्षा देऊनच येईन. फक्त एक विचारतो, क्लेगबाईंना सुंठ, क्लेगबाईंची माफी. माझ्यासाठी तिच्याकडे एक शब्द नाही का?

नाथा

---

लीड्स,
८ जून १९३१

ती. अक्कास नमस्कार.

पास झालो. रंगाच्या कामात पहिला आलो. आप्पा असते तर काही बोलले नसते, फक्त हात घासत राहिले असते.

गेले कित्येक महिने माझी पत्रं आखूड येतात अशी तुझी तक्रार आहे. खरं आहे. सांगायला नवं काही उरत नाही. अंघोळ आठवड्यातून एकदा होते आणि खटकत नाही. वाटाणे काट्यानं उचलतो. मिस्टर मँड्रप म्हटलं की लगेच वळून बघतो. परवा लक्षात आलं, पहाटे भोंगा होतो आणि मला जागच येत नाही.

इथल्या एका गिरणीनं रंगखात्यात जागा देऊ केली आहे. निदान चार-पाच वर्षं राहावं लागेल. उत्तर जुलैअखेर द्यायचं आहे. माझा विचार हो म्हणायचा आहे. रागावू नकोस. तुझं सोड, तू माझी आहेसच. पण आईनं या दोन वर्षांत मला एकदाही ये म्हटलेलं नाही. जिथं कुणी बोलावत नाही तिथं माणसानं किती दिवस जायचं म्हणत राहावं?

क्लेगबाई थकल्या आहेत. भांडं सध्या माझ्याकडे आहे.

एकनाथ

---

सोलापूर,
१ जुलै १९३१

चि. नाथा,

हे पत्र माझ्या हातचं आहे, पण माझं नाही. आईनं मला पाटावर बसवलं आणि म्हणाली, "मी बोलते तसं लिव. तुजं शाळंतलं मास्तरनीवानी सुदारू नगंस." तेव्हा तिचं तिच्याच शब्दांत लिहिते.

नाथा, मी बजाबाई, तुजी आई.

तू पास झालास, लई ब्येस झालं. तुज्या बापानं जीव सोडला त्या भिताडापाशी मी साखर ठिवली.

तू लिवलंस, आईनं ये म्हनलं न्हाय. व्हय. न्हाय म्हनलं. तू गेलास तवा भाईर आले न्हाय, का? तुजं तोंड बगितलं असतं तर जा म्हनायचं राहून गेलं असतं. आन पयल्याच कागदात तू लिवलंस, आईनं नुसतं ये म्हनावं, पुढल्या बोटीनं निगतो. त्या दिसापासनं मी तोंड दाबून बसले. तुज्या अक्काला वाटलं, म्हातारीला राग आलाय. राग कुटला? तोंड उगडलं असतं तर दुसरं काय आलंच नसतं भाईर. म्हनून मी खोकल्याचं बोलले, भांड्याचं बोलले. तुजं काय आलं की गोठ्यात जात हुते. तितं गोवऱ्यांला म्हनायची, ये.

तुजा बाप काय सांगायचा? रंग पुरता चडल्याबिगर कापड पिंपातनं काडायचं न्हाय. अर्ध्यात काडलं तर डाग ऱ्हातो, मग कितीबी धुवा. तुला अर्ध्यातनं कसं काडू?

(इथं आई थांबली. उठून गोठ्यात जाईल असं मला वाटलं. गेली नाही.)

त्या बाईनं पान धाडलं हुतं, ते मी देवापाशी ठिवलंय. अजून वास येतो. संगट डबा धाडते. चटणी मी कुटली. ती तिला, तुला न्हाय. तुला हितं आल्यावर. तिच्या भांड्यात भर, वर सुंठ ठिव, आन तिच्या हातात दे. म्हनावं, माज्या लेकाला तू दोन वर्सं जेवू घातलंस. तिचं भांडं आपल्याकडं ठिवून येऊ नगंस, आन मोकळंबी देऊ नगंस. तिच्या रीतीत चालत असंल, आपल्यात न्हाय चालत.

नोकरीचं तुज्या मनाला यील तसं कर, असं अक्का म्हनती. मी न्हाय म्हनत. मी लई दिस गप बसले. आता रंग चडलाय. आता म्हनते.

ये.